किल्ल्या वाजवणारा पोस्टमन

हार्लन प्रिचर्ड कुत्र्यांना घाबरायचा. एकतीस वर्षं त्याने ही गोष्ट टपाल खात्यापासून लपवली, पण आमच्यापासून काय लपणार? ओहायोतल्या या टेकड्यांत एकाच रस्त्यावर समोरासमोर घरं आमची. त्याच्या ओसरीवर कोणी शिंकलं तरी मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

मी आर्डिथ. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं पोरांना वाढलंय, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि स्वभाव, लोक म्हणतात, तिखट. म्हणू देत. हार्लनबद्दल लिहायचं तर मीच लिहायला हवं, कारण तो स्वतः लिहायला बसला तर पहिली चार पानं नुसते आभार मानण्यातच जातील.

तसाच आहे तो. दुकानात गल्ल्यावरच्या मुलीचे आभार, पाव भाजून वर आला की टोस्टरचे आभार. नाताळात कोणी त्याच्यासाठी टपालपेटीत हातमोजे ठेवले, की जानेवारीत त्या घरी स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड जाणार म्हणजे जाणारच. एकदा मी त्याला कार्ड पाठवलं, तर त्या कार्डाबद्दल आभाराचं कार्ड आलं.

मी म्हटलं, "हार्लन, आता मी याचेही आभार मानू का? मग मरेपर्यंत हेच करत बसायचं का आपण?"

"चालेल की," तो म्हणाला. "पत्ता आहे माझ्याकडे."

रोज बासष्ट मैल आणि चारशे अकरा पेट्या, हा त्याचा रस्ता. पत्रं रस्त्याकडेच्या पेटीत टाकायची, पण पार्सल असलं की दारापर्यंत जावंच लागे, आणि दाराशी कुत्रा असे. तीनदा कुत्री चावली होती त्याला. दोनदा पोटरीला आणि एकदा अशा जागी, की आठवडाभर तो उभ्यानेच जेवला. त्याने यावर एक उपाय शोधला होता. कुत्रा दचकला की चावतो, म्हणून आपण येतोय हे त्याला आधी कळवायचं. प्रत्येक फाटकाशी थांबून हार्लन खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढायचा आणि तीनदा खळखळ वाजवायचा. मग खिशातलं हाडाच्या आकाराचं एक बिस्किट लांब भिरकावायचा आणि कुत्रा तिकडे वळला की पार्सल ठेवून पळ काढायचा. सगळ्या रस्त्यावर लोकांना ती खळखळ माहीत होती. वरच्या टेकडीवरची म्हातारी विल्हेल्मिना पडली आणि दोन दिवस तशीच पडून होती, तेव्हा किल्ल्या ऐकूनच तिने हाक मारली आणि हार्लन भल्यामोठ्या कुत्र्याला ओलांडून घरात गेला. भीतीने पांढराफटक पडला होता, पण गेला. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, विल्हेल्मिनाने सांगितलं.

आणि अशा माणसाच्या बायकोने घरात कुत्री आणली!

लोरीन माझी मैत्रीण. तिच्या मनात एखादी गोष्ट आली की ती झालीच. हार्लनच्या निवृत्तीला सहा वर्षं असताना ती एका शेतावरून कोली जातीचं पिल्लू घेऊन आली. लांब नाक, सोनेरी केस, चारी पाय पांढरे. नाव टॅफी. "हार्लनला सवय होईल," ती म्हणाली.

सवय कसली होतेय! माणूस आपल्या स्वतःच्या फाटकाशी थांबून किल्ल्या वाजवायला लागला. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी खळखळ, खळखळ, खळखळ. मग पुढच्या दाराच्या काचेतून टॅफीचं लांब नाक दिसलं, की स्वारी घराला वळसा घालून मागच्या दाराने आत. घरातही त्याच्यात आणि टॅफीत एक खुर्ची हवीच. मी रोज त्या वेळी लोरीनकडे कॉफीला असायची. त्याची फजिती पाहून मला हसू आवरत नसे.

मग लोरीन आजारी पडली. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. नोव्हेंबरात ती गेली. जायच्या आदल्या आठवड्यात तिने त्याचा हात धरून सांगितलं, "टॅफीला कोणाला देऊन टाकू नकोस. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा." त्याने हो म्हटलं. हार्लन एकदा हो म्हणाला की काळ्या दगडावरची रेघ. डिसेंबरात तो निवृत्त झाला. खात्याचा निळा कोट खुंटीवर टांगला आणि आयुष्यभर ज्यांना घाबरला त्यांच्यातल्याच एकीबरोबर एकटा राहायला लागला.

टॅफीला फिरवायला तर न्यायलाच हवं. आणि तिथेच घोळ होता.

आमचे शेजारी आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. त्यांच्यात मोटार नाही, घरात फोन नाही, शेताला घोडे आणि रस्त्याला बग्गी. पलीकडच्या एनॉस ट्रॉयरकडेच सात घोडे. त्यामुळे आमच्या रस्त्यावर लिदीची ददात नाही, आणि टॅफीला लीद म्हणजे जीव की प्राण. पट्टा लांब ताणून, मान खाली घालून, मिटक्या मारत खायची. हार्लन बिचारा दुसऱ्या टोकाला पट्टा धरून उभा. ओढायची भीती, ओरडायची भीती.

"नको ना गं," म्हणायचा. "नको, प्लीज."

मी माझ्या दारातून ओरडायची, "अरे हार्लन, सही मागतोयस का तिच्याकडे? जरा दम दे!"

मग त्याचे उपाय सुरू झाले. कोणीतरी सांगितलं, जेवणात अननस घाला, कुत्रं घाण खायचं सोडतं. महिनाभर टॅफीने मजेत अननस खाल्ला आणि लीदही खाल्ली. शेवटी मी विचारलं तेव्हा कळलं, की तो उपाय स्वतःचीच शी खाणाऱ्या कुत्र्यांसाठी होता. "मग अननस घोड्यांना घालायला हवा होता, शहाण्या!" मी म्हटलं. त्याने तेसुद्धा गंभीरपणे ऐकून घेतलं. जाऊन एनॉसला विचारेल की काय अशी मला धास्ती वाटली.

त्यानंतर तिखट सॉस. रोज सकाळी सातला हार्लन बाटली घेऊन रस्त्यावर जायचा आणि दिसेल त्या लिदीवर सॉस शिंपडायचा. एक दिवस एनॉसची बग्गी समोरून आली. एनॉसने लगाम खेचला, हॅट जरा मागे सारली आणि बराच वेळ बघत बसला.

"हार्लन," तो म्हणाला, "आमच्या स्वयंपाकात काही कमी पडलं का?"

टॅफीला सॉस आवडला. त्यानंतर तर ती सॉसवाली लीद आधी शोधायला लागली.

हसलो आम्ही खूप. पण एप्रिलमध्ये ते हसणं थांबलं.

शनिवारची सकाळ होती. एनॉस रस्त्यालगतच्या शेतात चार घोड्यांचा नांगर चालवत होता. हार्लन आणि टॅफी त्याच्या वाटेच्या तोंडाशी उभे होते आणि टॅफी नेहमीप्रमाणे खात होती. मी कपडे वाळत घालत होते. अचानक एनॉस ओरडला, बायकोला काहीतरी त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि जुंपलेले घोडे नांगराच्या तासात तसेच सोडून धावत सुटला. आमिश शेतकरी जुंपलेले घोडे सोडून पळतो, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या हातातली चादर खाली पडली.

"किती खाल्लं तिने?" एनॉस धापा टाकत विचारत होता. "गुरुवारी घोड्यांना जंताचं औषध दिलंय मी. ते लिदीतून बाहेर पडतं. या जातीच्या कुत्र्यांना ते बाधतं, हार्लन. माझ्या चुलत भावाची कुत्री यातच गेली."

मी गाडी काढली. हार्लन पट्टा धरून तसाच उभा होता, तेव्हा एनॉसनेच टॅफीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि बुटांना शेताचा चिखल तसाच, तो तिच्याशेजारी बसला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई क्लाइन यांनी तिला ओकायला लावलं, पण बरंचसं आधीच भिनलं होतं. दुपारपर्यंत ती दारुड्यासारखी झोकांड्या खायला लागली. तोंडातून लाळ. संध्याकाळी तिला दिसेनासं झालं.

"याला उतारा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध अंगातून उतरेपर्यंत तिला सांभाळायचं, एवढंच आपल्या हातात आहे."

चार दिवस. हार्लन त्यांच्या दवाखान्यात जमिनीवर, तिच्या पिंजऱ्याच्या उघड्या दाराशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर त्याचा हात तिच्या मानेवर होता. पट्टा अडकवण्यापुरता सोडला, तर सहा वर्षांत त्याने तिला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"हिला दिसत नाहीये ना," तो हळूच म्हणाला, "त्यामुळे मी घाबरलेला तिला कळत नाही."

मी डबा ठेवला आणि बाहेर येऊन गाडीत बसून रडले.

एनॉस रोज येत होता. कोणाच्या तरी गाडीत बसून यायचा, हॅट गुडघ्यावर ठेवून तासभर गप्प बसायचा आणि जायचा. पाचव्या दिवशी टॅफीने त्याच्या हॅटकडे पाहिलं. नजर त्याच्या हालचालीबरोबर फिरली. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांना मिठ्या मारल्या, आणि हार्लन एनॉसचा हात धरून आभार मानायला लागला तो थांबेचना.

एनॉस अवघडला. त्याच्या घरात आभार तोंडाने मानायची फारशी रीत नाही, ते हातांनी मानतात. "माझ्याच घोड्यांची लीद होती," तो म्हणाला. "आभार कसले मानता तुम्ही? मीच सांगायला हवं होतं." त्या आठवड्यात हार्लनची सगळी लाकडं फोडून, रचून ठेवलेली होती. कोणी केलं ते विचारायची गरज नव्हती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी हार्लनला समोर बसवलं. "एनॉस पुन्हा औषध कधी देणार?"

"पहिलं दंव पडलं की. ऑक्टोबरात," एनॉस म्हणाला.

"मग तुमच्या हातात सहा महिने आहेत, हार्लन. ती एकदा वाचली. दुसऱ्यांदा मला जमेल असं मी सांगत नाही. तिला लीद सोडायला शिकवा. ओरडायचं नाही, मारायचं नाही. 'सोड' म्हणायचं, आणि तिने तोंड फिरवून तुमच्याकडे पाहिलं की लगेच काहीतरी खायला द्यायचं. लिदीपेक्षा तुमच्याकडे वळण्यात फायदा आहे, हे तिला कळलं पाहिजे."

एनॉस म्हणाला, "आणि मी औषध दिलं की तुम्हाला खूण करेन. फोन माझ्याकडे नाही. पण माझ्या टपालपेटीच्या कडेचा तो छोटा लाल झेंडा तुम्हाला खिडकीतून दिसतो ना? तो वर केला, की समजायचं. आठ दिवस इकडे फिरकू नका."

हार्लनला ते फार आवडलं. मलाही. त्यात काय खोट आहे, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग सबंध उन्हाळा शाळा भरली. एनॉस जुनी, वाळलेली, बिनधोक लीद बादलीत भरून आणून द्यायचा. "माल आणलाय," म्हणायचा. हार्लन ती ताटलीत घालून अंगणात ठेवायचा. माझ्या लग्नातली ताटली होती ती, त्याने न विचारता नेली, आणि मला कळलं तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग टॅफीला पट्ट्याने तिच्याजवळून न्यायचं आणि म्हणायचं, "सोड."

पहिला महिना त्याचा "सोड" मलासुद्धा ऐकू येत नव्हता. बिस्किटं त्याची ती जुनीच, पोस्टमनची, दगडासारखी. टॅफी लिदीकडे बघायची, बिस्किटाकडे बघायची, आणि काय ते ठरवून लीद खायची. मग त्याने उकडलेली कलेजी आणली, आणि जुलैपासून फरक दिसायला लागला. दहातून चारदा वळायची. मग सहादा. सप्टेंबरात पट्ट्याने रस्त्यावर आठदा. प्रत्येक वेळी हार्लन वाकून म्हणायचा, "थँक यू, टॅफी." अगदी गल्ल्यावरच्या मुलीला म्हणतो तसंच.

पट्टा सोडला की मात्र सगळं शून्य. नुसत्या आवाजाला ती जुमानत नव्हती, आणि भीती वाटली की त्याचा आवाज बाहेरच येत नव्हता. रात्री झोप लागत नाही असं त्याने मला एकदा सांगितलं. "मी लोरीनला हो म्हटलंय, आर्डिथ," तो म्हणाला. "आणि आता तर मला तिच्याशिवाय घर... म्हणजे टॅफीशिवाय..."

ऑक्टोबर आला. एका रविवारी दंव पडलं. हार्लन सकाळ संध्याकाळ खिडकीतून एनॉसच्या पेटीकडे बघायला लागला. झेंडा खाली.

मंगळवारी मला एनॉसच्या बायकोकडून, मलिंडाकडून, अंडी आणायची होती. "चल, टॅफीलाही घे," मी म्हटलं. हार्लनचा रोजचा कोट माझ्याकडे धुवायला होता, कारण टॅफीने आदल्या दिवशी कुठेतरी लोळून येऊन त्याच्या अंगावर उडी मारली होती. तेव्हा त्याने खुंटीवरचा खात्याचा जुना निळा कोट काढला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. पेटीपाशी आम्ही दोघांनी नीट पाहिलं. झेंडा खाली होता. एनॉसच्या वाटेने आत शिरल्यावर हार्लन म्हणाला, "बिचारीला आठवडाभर पळायला मिळालं नाही. सोडू का जरा?"

"सोड की," मी म्हटलं. मीच म्हटलं. हे मला आयुष्यभर आठवणार आहे.

पट्टा सुटला आणि टॅफी सुसाट. गवतातून एक फेरी, दुसरी फेरी, आणि मग वाटेच्या मधोमध एकदम थांबली. समोर ताजी लीद, वाफ येत असलेली. तिने मान खाली घातली. त्याच क्षणी गोठ्याच्या दारातून एनॉस दोन्ही हात हलवत धावत आला.

"औषध दिलंय! काल दिलंय! हार्लन, तिला धरा!"

धरणार कशी? साठ पावलं लांब होती. मी ओरडले. शाळेच्या स्वयंपाकघरातला माझा सगळा आवाज लावून ओरडले. टॅफीने कानही हलवला नाही. हार्लनने तोंड उघडलं. "सो..." एवढंच. त्यापुढे आवाज नाही. चेहरा पांढरा पडला होता, आणि त्याचा उजवा हात, एकतीस वर्षं कुत्र्यासमोर भीती वाटली की जिथे जायचा तिथे, आपोआप कोटाच्या खिशात गेला.

किल्ल्या होत्या तिथे. ज्यांची कुलुपं केव्हाच गेली असा तो जुना जुडगा.

खळखळ, खळखळ, खळखळ.

टॅफीचं डोकं वर आलं. दोन्ही कान ताठ. नाकाखाली लीद तशीच, आणि ती वळली. वळली आणि अशी धावत आली, की पाय जमिनीला लागत नव्हते. हार्लनच्या पायाशी येऊन बसली, लांब नाक वर करून त्याच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि शेपटीने वाटेवरची सगळी धूळ झाडून काढली.

त्याने पट्टा लावला. मग मटकन खाली बसला. मी तर मघापासूनच बसले होते.

"मी झेंडा वर केला होता," एनॉस येऊन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "देवाशपथ नाही म्हणत आम्ही, पण केला होता. काल सकाळी, माझ्या हाताने."

हार्लनने कपाळावर हात मारून घेतला. "नव्या पोस्टमनने खाली केला. झेंडा वर म्हणजे पाठवायचं पत्र आहे. त्याने पेटी उघडली, पत्र नाही, झेंडा पाडून पुढे गेला. बरोबरच केलं त्याने. मी एकतीस वर्षं रोज तेच केलं, एनॉस. एकतीस वर्षं! आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

टॅफी अजून त्याच्या तोंडाकडेच बघत होती. कशाची तरी वाट बघत होती.

"सगळा उन्हाळा शिकवलं ते ऐकलं नाही," हार्लन म्हणाला. "हे हिला कोणी शिकवलं?"

आणि मला आठवलं. माझ्या मेलीच्या डोक्यात वर्षभर कुठे दडून बसलं होतं कोण जाणे.

"लोरीनने," मी म्हटलं. "अरे, रोज चार वाजून दहा मिनिटांनी. तू फाटकाशी किल्ल्या वाजवायचास ना? तिकडे खळखळ झाली की इकडे टॅफी तोंडातलं खेळणं टाकून पुढच्या दाराशी धावायची. लोरीन म्हणायची, 'आले बघ आपले साहेब!' आणि तिला चीजचा तुकडा द्यायची. रोज. सहा वर्षं. मी समोर बसलेली असायची."

हार्लन माझ्याकडे बघत राहिला. "ती दाराशी उभी असायची, ती..."

"तुझी वाट बघत! तुला काय वाटलं, खायला उठलीय?"

"हो," तो म्हणाला.

"मी लोरीनला कितीदा म्हटलं, सांग ना त्याला. ती म्हणायची, 'सांगू नकोस, आर्डिथ. एक दिवस येईल तो पुढच्या दाराने, त्याचं त्याला कळू दे.'"

टॅफीने पंजा उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"सहा वर्षं," हार्लन म्हणाला, "मी मागच्या दाराने घरात गेलो."

एनॉस घरात गेला आणि मलिंडाने केलेल्या चीजचा चांगला मूठभर तुकडा घेऊन आला. हार्लनने तो टॅफीला भरवला. एकही बोट मागे घेतलं नाही. मग तिच्या मानेवर कपाळ टेकवून तो म्हणाला, "थँक यू." किती वेळा म्हणाला ते मी मोजलं नाही. त्यातले काही टॅफीला होते, काही एनॉसला, आणि बरेचसे आमच्यापैकी कोणालाच नव्हते. एरवी मी त्याला गप्प बस म्हणून टोकलं असतं. त्या दिवशी मीही त्याच्याबरोबर म्हटलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना, एनॉसला आणि नव्या पोस्टमनलासुद्धा कार्ड गेलं. पोस्टमनचं कार्ड कशासाठी, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. एनॉस आता औषध दिलं की पेटीला बायकोचा जुना जांभळा रुमाल बांधतो.

त्या मंगळवारीच, दुपारी चारच्या सुमाराला, मी खिडकीशी भांडी घासत होते. हार्लन मागच्या दाराने एकटाच बाहेर पडला. घराला वळसा घालून फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. अंगात निळा कोट होता. त्याने घड्याळ पाहिलं. मग किल्ल्या तीनदा वाजवल्या, फाटक उघडलं, पुढच्या पायऱ्या चढला आणि दार उघडलं. आतून सोनेरी केसांचा एक लोंढा त्याच्या अंगावर आला, आणि तो मागे सरला नाही. आता रोज तसंच येतो.